गाभणीचा मान

बाबांच्या सत्तरीच्या जेवणाला आईनं देवमाशाचे गुर्दे शिजवले आणि ताट मार्युनपुढे सरकवलं. मार्युन माझी वहिनी, तिला पाचवा महिना. आमच्या बेटावर देवमासे खाडीत हाकून मारले की दर घराला वाटा मिळतो, आणि आमच्या घरी वाट्यातले गुर्दे पोटुशीचे, असा बाबांचा नियम. मान म्हणून. त्या मांसाच्या वासानं मला लहानपणापासून शिसारी येते, पण आज किळस आली ती माणसांची.

मार्युनची सात वर्षांची रानवा माझ्या शेजारी बसली होती. तिच्या वेळीही मार्युननं हाच मान गिळला होता. सुईणीनं नको म्हटलं, तर आईनं सुईणीलाच वेड्यात काढलं. रानवा गोड पोर आहे, पण तिला वेळेवर शब्द सापडत नाहीत आणि वर्गात तिचं लक्ष टिकत नाही. गेल्या आठवड्यात मी आणि मार्युन तिला शहरातल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी चित्रं दाखवून नावं विचारली. होडीच्या नांगराचं चित्र आलं. बापाच्या होडीत रोज त्यालाच टेकून बसणारी ही मुलगी. तिनं हातानं दोर सोडून दाखवला, बोट पार जमिनीला टेकवलं, पण नाव काही निघेना. शेवटी ती रडायला लागली.

जन्माच्या वेळी तिच्या नाळेतल्या रक्तात पारा बराच निघाला होता; देवमाशाच्या मांसात, गुर्द्यांत तर जास्तच, पारा साठलेला असतो. बाई म्हणाल्या, एकाच मुलाबद्दल छातीठोकपणे सांगता येत नाही. पण पुष्कळ मुलं तपासली आहेत, आणि आईच्या पोटात असताना जितका पारा जास्त मिळतो तितकी पुढे भाषा, लक्ष आणि आठवण मागे पडते. दुसऱ्या बाळासाठी अजून वेळ आहे, देवमासा बंद करा.

हे मी घरी आल्या आल्या सांगितलं. बाबा म्हणाले, पोरगी आळशी आहे. आईनं त्यांची री ओढली. माझा भाऊ त्रोन्दुर, मार्युनचा नवरा, होडीवर गडी माणसांवर खेकसणारा, बापासमोर मात्र मूग गिळून बसला. मला त्याच्याकडे बघवेना.

आणि आज पुन्हा तेच ताट.

"खा गं मार्युन," बाबा म्हणाले. "आम्ही सगळे यावरच वाढलो. मी काय मठ्ठ दिसतो तुला?"

काका लोक तोंडात घास असतानाच हसले. हनुवटीवर चरबी चकाकत होती. मार्युननं काटा उचलला. माझं डोकं फिरलं.

"बाबा, परवा मेंढ्यांच्या चाऱ्याचा, मुरघासाचा अख्खा गठ्ठा तुम्ही समुद्रात ढकललात. का?"

मेंढ्यांचा विषय निघाला की बाबा फुलतात. "बुरशी धरली होती. एका कोपऱ्यालाच, पण मेंढ्या गाभण आहेत ना! गाभणीला असलं घातलं की कोकरू जातं."

"तपासून घेतलात?"

"त्यात तपासायचं काय? शंका आली की टाकून द्यायचं. मुकं जनावर ते. त्याला काय होतंय ते सांगता येतं का? आपणच बघायला नको?"

एवढं बोलून त्यांनी बटाटा घेतला. स्वतः काय बोललो ते त्यांना कळलंही नव्हतं. तेवढ्यात रानवा खुर्चीवरून उतरली आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. एरवी बाबा तिचा शब्द चटकन पुरा करून मोकळे होतात. आज त्यांनाही ती काय म्हणणार ते कळेना.

"आबा," ती म्हणाली, "मला... मला पण सांगता येत नाही."

मार्युननं काटा खाली ठेवला आणि ताट दूर सारलं.

बाबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी ते ताट आपल्याकडे ओढलं आणि कोणाकडेही न बघता खायला सुरुवात केली. गुर्द्याचा एकेक तुकडा कचाकचा चावत होते, रस दाढीत उतरत होता. मी नजर हलवली नाही. त्यांच्या तोंडात जाणारा घास मार्युनच्या पोटात जाणार नव्हता. मी आईच्या हातातून पातेलं घेतलं आणि उरलेलंही त्यांनाच वाढलं.