योग्य खोलीवर

"पेन मी आणलंय, काकू," कंपनीचा माणूस म्हणाला आणि टोपण काढून त्याने ते कागदांवर आडवे ठेवले. "फुल्या केल्यात तिथं सह्या करायच्या. दहा मिनिटांचं काम."

"किती पानं आहेत?"

"एकोणीस."

"मग दहा मिनिटांत कसं होईल?"

शेजारच्या खुर्चीत तिच्या दिराने चुळबूळ केली. त्याचे मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान होते आणि ते अर्धा दिवस बंद ठेवून तो आला होता. "वहिनी, सगळ्यांनी केल्यात सह्या. आपणच राहिलोय."

"जमीन तुमचीच राहणार," कंपनीचा माणूस म्हणाला. "आम्ही फक्त खालून गॅसचा नळ नेणार."

"आणि वरून कोण येणार-जाणार?"

तो हसला. हसताना त्याने घड्याळ पाहिले. "काकू, हा ठरलेला मसुदा आहे. यातला शब्दही बदलत नाही. आणि नाही म्हणालात तर जमीन कोर्टातून मिळते आम्हाला. मग हातात काय पडेल ते पडेल."

"कागद ठेवून जा. आठ दिवसांनी सांगते."

"कागद ठेवायची पद्धत नाही."

"मग पेन उचला," ती म्हणाली.

त्याने पेन उचलले. कागद राहिले. तो फाटकाबाहेर पडल्यावर दीर म्हणाला, "तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे."

ते खरेच होते. एकतीस वर्षे तिने एका छापखान्यात खोट काढण्याचाच पगार घेतला होता. शाळेची पुस्तके, औषधांच्या पुड्यांतल्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, बँकांचे अहवाल, सगळ्यांची प्रुफे तिच्या टेबलावरून गेली. कुठल्याच पुस्तकावर तिचे नाव आले नाही. चूक राहिली तरच तिची आठवण निघायची. छापखान्यातली माणसे तिला 'काना-मात्रा' म्हणत. पुढे ती स्वतःही फोनवर तेच नाव सांगू लागली. नवरा गेला तेव्हा त्याचा अर्धा वाटा तिच्या नावावर चढला. घरामागे लिंबाची बाग होती, त्याने लावलेली. उरलेला अर्धा वाटा दिराचा, आणि कागदोपत्री सगळे अजून समाईक. एका अंगणात दोन घरे, मध्ये पाण्याच्या नळाचे एकच कोंडाळे.

ती कागद वाचायला बसली. ओळीखाली पट्टी ठेवायची, मोठ्याने वाचायचे, स्वल्पविराम आला की 'स्वल्पविराम' म्हणायचे. छापखान्यात समोर दुसरा माणूस मूळ प्रत घेऊन बसायचा. इथे समोर रिकामी खुर्ची होती. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. तासाभराने अक्षरे पोहायला लागत, मग ती उठून भांडी घासून यायची.

तिसऱ्या दिवशी ती गोठेवाल्याकडे गेली. त्याच्या कुरणातून दोन वर्षांपूर्वी याच कंपनीचा पहिला नळ गेला होता.

"मला विचारू नका," तो दारातच म्हणाला. "कुणाला काही सांगायचं नाही, असं सही घेताना लिहून घेतलंय."

"सांगू नका. दाखवा."

तो पायात चपला सरकवून पुढे झाला. हिरव्या कुरणातून एक पिवळा पट्टा सरळ गेला होता. त्यावर मुरूम आणि दगड. गवताची काडी नव्हती.

"वरची काळी माती खाली गाडली नि खालचा मुरूम वर आणला. मी ओरडलो, तर म्हणाले, माती वेगळी ठेवायचं कुठं लिहिलंय? कधीही येतात. परवा फाटक उघडंच टाकून गेले, दोन गाई रस्त्यावर. एक गेली." त्याने पायाने दगड उडवला. "आणि तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमलं ना, तर मला सांगायला येऊ नका."

तिथून ती वकिलाकडे गेली. वकिलाने तिला खोटी आशा लावली नाही. नळ अडवता येणार नाही, तो म्हणाला. पण काय मागायचे ते सहीआधी मागा. सहीनंतर नुसत्या तक्रारी राहतात.

आठव्या दिवशी ती कंपनीच्या कचेरीत गेली. एका बँकेच्या वर भाड्याच्या दोन खोल्या, भिंतीवर लांबच लांब नकाशा. दीर आधीच येऊन बसला होता. कंपनीच्या माणसाशेजारी उन्हाने रापलेला एक इंजिनिअर होता. तिने एकोणीस पाने टेबलावर ठेवली. समासात लाल खुणाच खुणा होत्या.

"तुम्ही वकील आहात?" कंपनीच्या माणसाने विचारले.

"प्रुफं तपासायची मी."

"अच्छा. म्हणजे शुद्धलेखन."

"हो. कलम सात बघा. तुमच्या वाहिनीचा काना पडलाय. 'सदर वहिनी योग्य खोलीवर पुरण्यात येईल', असं छापलंय."

इंजिनिअरला हसू आवरेना. त्याने खोकल्याचे निमित्त केले. दिराने मान खाली घातली.

"छपाईची चूक आहे," कंपनीचा माणूस म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"ती चूक आहे. 'योग्य' ही चूक नाही, ते मुद्दाम आहे. योग्य म्हणजे किती? फूट लिहा. कलम चारमध्ये 'वाहिनी अथवा वाहिन्या'. आज एक टाकाल, पाच वर्षांनी आणखी तीन, मला न विचारता. एक लिहा. पट्ट्याची रुंदी 'आवश्यक तेवढी', तिथं आकडा पाहिजे. वरची माती वेगळी काढून वरच परत टाकायची. यायच्या आधी कळवायचं, फाटक लावायचं. आणि नळ बंद पडला की काढून न्यायचा. तो माझ्या जमिनीत कुजत ठेवायचा नाही."

"सगळ्यांनी हाच कागद घेतला. तुमच्यासाठी वेगळा छापायचा?"

"छापायला फार वेळ लागत नाही. मला माहितीय."

"मग भेटू कोर्टात."

"भेटू. किती महिने लागतील?" ती पुढे म्हणाली, "माझ्या कुंपणापर्यंत चर आलाय. तुमचं खणायचं यंत्र सहा दिवस माझ्या फाटकाशी उभं आहे. चालक त्याच्या सावलीत झोपतो."

कंपनीच्या माणसाने टेबलाचा खण उघडला. त्यातून दुसरी एक प्रत काढली. "तुमच्या भावोजींची काही हरकत नाही. त्यांनी गेल्या आठवड्यातच सही दिलीय. आता घरच्या घरात भांडा."

तिने ती प्रत ओढून घेतली. पट्टी नव्हती, म्हणून बोट ठेवून वाचू लागली. शेवटी नकाशा जोडलेला होता, त्यात तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून एक छोटा चौकोन. बाजूला बारीक अक्षरांत लिहिले होते: गॅस चालू-बंद करायच्या झडपांचे आवार. त्याबद्दल जादा मोबदला, दिराच्या नावे.

"हा चौकोन काय आहे, भावोजी?"

"पडीक जागा आहे ती."

"माझी खिडकी उघडते तिथं."

"खिडकी बंद करता येते," दीर म्हणाला. आणि मग, जरा हळू, "माझ्या दुकानामागं कुठं जागा होती हे आवार द्यायला?"

तिने प्रत मिटली. "समाईक जमीन आहे. एका सहीनं काही होत नाही, हे यांना ठाऊक आहे. म्हणूनच हे आज इथं बसलेत. ही प्रत फाडा. मग बोलू. दोघांच्या वाट्याला एकच कागद, याच खुणांचा."

"आवार रस्त्याकडेला हलवता येतं," इंजिनिअर मध्येच म्हणाला. "मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो."

"तुम्हाला कुणी विचारलं?" कंपनीचा माणूस त्याच्यावर खेकसला.

पण ते वाक्य बोलून झाले होते.

जिन्यावर दिराने तिला गाठले. "चार परक्या लोकांत माझी अब्रू घालवलीत."

"तुम्ही माझी भिंत विकलीत."

"तुमची? समाईक आहे म्हणालात ना आत्ता?"

"म्हणूनच विचारायचं असतं, भावोजी."

तो भरभर उतरून गेला. ती कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. उजेडात डाव्या डोळ्याला पायऱ्यांच्या कडा नीट दिसत नव्हत्या.

आणखी तीन बैठका झाल्या. कंपनीच्या माणसाने तिला खुर्ची द्यायचे सोडून दिले. तिने मागितलेले बहुतेक सगळे कागदावर आले: एक नळ, पाच फूट खोल, आवार रस्त्याकडेला. लिंबाची अकरा झाडांची एक रांग मात्र वाचली नाही. तिथून नळ वळवता येत नव्हता, आणि त्या पट्ट्यावर पुन्हा खोल मुळांचे झाड लावायचे नाही, हे कलम कंपनीने सोडले नाही. तिने त्या कलमापाशी पेन बराच वेळ धरून ठेवले. मग सही केली. खाली दिराने केली, तिच्याकडे न बघता.

खणायच्या दिवशी ती सकाळपासून बांधावर उभी होती. काळी माती एका बाजूला, मुरूम दुसऱ्या. यंत्राचा चालक त्या अकरा झाडांपाशी थांबला. "काकू, आत जा. बघू नका."

"काढा तुम्ही," ती म्हणाली.

फांद्यांना कच्ची लिंबे होती. दुपारी जाऊ टोपली घेऊन आली आणि पडलेली लिंबे वेचू लागली. दोघींनी मिळून वेचली. जाऊ म्हणाली, "बरं झालं तुम्ही वाचलंत ते," आणि आवाज खाली आणून, "त्यांना सांगू नका हं मी असं म्हटलं." काळी माती परत वर पसरली, तेव्हा जाऊ टोपली घेऊन घाईने आपल्या दाराकडे गेली.

दिराने त्याच महिन्यात वाटणी मागितली. तिने दिली. नळाच्या कोंडाळ्याची बाजू तिने त्याला सोडली आणि स्वतःसाठी पाण्याचा नवा नळ घेतला.

मग एका सकाळी दोन घरांच्या मधोमध कुंपण घालायला कुंपणवाला आला. लोखंडी खांब, तारेची भेंडोळी. तो एकटाच होता. दीर अंगणाच्या रस्त्याकडच्या टोकाला मोजफितीची डबी धरून उभा राहिला आणि कुंपणवाला खुंट्या ठोकू लागला. फितीचे मोकळे टोक वाऱ्याने पुन्हा पुन्हा उडत होते.

"फाटक कुठं ठेवायचं, साहेब?"

"फाटक नको."

कुंपणवाल्याने दोन्ही घरांकडे पाहिले. तो परका होता. त्याला काही ठाऊक नव्हते. दारात उभ्या असलेल्या तिला तो म्हणाला, "काकू, हे टोक जरा धरता का? एकट्याला जमत नाही."

ती पायरी उतरून अंगणात आली. वाकून तिने फितीचे टोक उचलले. पलीकडे दिराने मान वर केली, तिला पाहिले, पुन्हा आकड्यांकडे बघितले.

"ताणून धरा," तो म्हणाला. दीड महिन्यातले त्याचे पहिले शब्द.

फीत मध्ये झोळ खात होती. तिने टोक दोन्ही हातांनी धरले आणि फीत सरळ होईपर्यंत एक पाऊल मागे सरकली.