लाल बटण आणि किल्लीवाली

तुमच्या तळहाताची ऊब लागली, मित्रांनो, म्हणून चार शब्द बोलावेसे वाटले. मी एक जुना रिमोट आहे, टीव्हीचा. माझ्यावरचे आकडे केव्हाच पुसले गेले, पाठीचं झाकण रबराने बांधलेलं आहे आणि अंगावर जो प्लास्टिकचा सदरा होता त्याच्या चिंध्या झाल्या आहेत. देवाने मला पाय दिले नाहीत, तोंड दिलं नाही. कपाळावर एक डोळा दिला आणि नशिबात माणसांचे हात दिले. त्या हातांनी मला जे शिकवलं, ते मोठमोठ्या पोथ्यांतही सापडायचं नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या अंगावर रबरी बटणं बसवली, एका यंत्राने ती एकेक करून दाबून पाहिली, आणि मग मला टीव्हीशेजारी खोक्यात झोपवून वर झाकण लावलं. मित्रांनो, तो काळोख मी विसरलो नाही. माझ्या डोळ्याचा उजेड माणसाला दिसत नाही, पण समोर आडोसा आला की मी आंधळा. म्हणून बंद जागेची मला जन्मापासून धास्ती आहे. आणि पुढे माझ्यावर प्रसंग आला तोही नेमका तसलाच.

मी ज्या घरात आलो तिथले बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला प्लास्टिकचा सदरा चढवला आणि सांगितलं, "ह्याला जपा रे. हा ह्या घरचा कारभारी!" घरात बाबांची थोरली बहीण होती. तिला सगळे आत्याच म्हणत, अगदी वाण्यापर्यंत. आणि होती चिमी, बाबांची लेक. चिमी बोबडं बोलायला लागली आणि तिची आई आजारपणात गेली. त्या बाईंचा हात मला फार थोडे दिवस लाभला. मऊ होता.

संध्याकाळी घरात मालिका लागायची. शेजारचे शिंपीकाकाही यायचे. त्यांच्या मिशा भरघोस आणि काळीज लोण्याचं. मालिका पडद्यावर चालते असं तुम्हाला वाटतं ना? मला ती हातांत कळायची. आत्याची मूठ आवळली की समजावं, पडद्यावर कुणीतरी दाराआड उभं आहे. मूठ सैल पडली की समजावं, टळलं.

"अगं बावळट, मागे बघ! मागे!" आत्या पडद्यावरच्या नायिकेला ओरडून सांगायची.

"ताई, तिला ऐकू जात नाही," शिंपीकाका म्हणायचे.

"मग तुम्ही कशाला रडताय?"

"मी कुठे रडतोय? डोळ्यात दोरा गेलाय."

असं हसतंखेळतं घर होतं. मग दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. बाबांनी दुसरं लग्न केलं, आणि मालिकेत किल्लीवाली आली.

नवी आई पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात कामाला जायची. तिच्या बोटांवर वाळलेल्या खळीचे पापुद्रे असत. ती मला उचलायची ते कोरं पुस्तक उचलावं तसं, जपून. स्वभाव अबोल. चिमीला ती हाक मारायची, आणि चिमी 'ओ' द्यायची, पण तिला काही म्हणून हाक मारायची नाही.

आणि किल्लीवाली? ती मालिकेतल्या दोन पोरांची सावत्र आई. कमरेला जाडजूड किल्ल्यांचा जुडगा. ती दिसायच्या आधी तो वाजायचा, खुळ्ळ खुळ्ळ, आणि पोरं खाटेखाली शिरायची. एका भागात तिने धाकट्याला अंधाऱ्या कोठीत ढकललं, कुलूप लावलं, किल्ली फिरल्याचा आवाज आला आणि भाग तिथेच संपला. मालिकावाल्यांची ती रीतच. माणसाला विहिरीच्या काठावर उभं करायचं आणि म्हणायचं, उद्या या.

त्या दिवशी आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "मेलीचे हात झडोत! सावत्र ती सावत्रच, तिला साखरेत घोळवा नाहीतर मधात बुडवा!"

मी त्या क्षणी कुणाच्या हातात होतो? नव्या आईच्या. तिचा तळवा एकदम गार पडला आणि घामाने माझा सदरा चिकट झाला.

आत्याच्या लक्षात आलं. "तुला नाही हं म्हटलं मी!"

"माहीत आहे, वन्सं," नवी आई हसून म्हणाली. हसू तोंडावर होतं. बोटं मात्र मला घट्ट आवळून होती.

आत्या मनाची वाईट नव्हती, मित्रांनो. तिने शब्द पडद्यावर फेकला. पण पडदा पडला काचेचा. फेकलेलं सगळं तो परत खोलीत टाकतो. आणि खोलीत आत्याच्या कोपराखाली चिमी बसली होती.

बाबांनी एकदा तिला गमतीने सांगितलं होतं, "भीती वाटली की हे लाल बटण दाबायचं. ती बया गप्प!" मोठी माणसं गंमत करतात आणि विसरतात, लेकरं ती जपून ठेवतात. चिमी मला उशाशी घेऊन झोपायला लागली. एकदा नवी आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. दाराच्या चौकटीआडून चिमीने मला तिच्यावर रोखलं आणि लाल बटण दाबलं. अंगठा इतका जोरात रुतला की आजही त्या बटणाला खळगा आहे.

नवी आई वळली. चिमीने मला पाठीमागे लपवलं. पण नव्या आईने पाहिलं होतं. ती पुन्हा ओट्याकडे वळली. भाजी चिरत राहिली.

त्या दोघींच्या तळव्यांना एकच घाम यायचा. एकीला वाटे, ही मला कोंडेल. दुसरीला वाटे, ही मला कधी आपली म्हणणार नाही. हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नव्हतं.

त्यातच माझे सेल संपत आले होते. बाबा रोज म्हणत, "उद्या आणतो." हा उद्या काही उजाडेना. तोवर झाकण काढायचं, अंगठ्याने सेल गोल फिरवायचे, मला तळहातावर आपटायचं आणि दाबायचं. चिमीलाही ते जमू लागलं होतं.

मग तो दिवस आला. आत्याची मावसबहीण पाय घसरून पडली म्हणून आत्या घाईघाईने तिच्याकडे निघाली. दिवाणखान्यात टीव्हीसमोर मोठा दिवाण होता, आत गोधड्या आणि बॅगा ठेवायचा. त्याची वरची फळी इतकी जड, की दोघांनी मिळून उचलावी लागे. पुढच्या बाजूची मूठ कधीच तुटली होती. तिथे दोन बोटं जातील एवढं भोक राहिलं होतं. आत्याने बाबांच्या मदतीने बॅग काढली आणि फळीला काठीचा टेकू तसाच राहिला. बाबा कामावर गेले. जाता जाता आत्याने दोरीत ओवलेल्या किल्ल्या नव्या आईच्या हाती दिल्या.

"कपाटाच्या, कोठीच्या, दाराच्या, सगळ्या आहेत. कमरेला खोच, म्हणजे हरवायच्या नाहीत."

नवी आई तिला सोडायला जिन्याने खाली उतरली. आणि परत येताना जिन्यात आवाज आला. खुळ्ळ. खुळ्ळ.

मित्रांनो, चिमीच्या हातात मी होतो. तिच्या मनगटातली नाडी माझ्या पाठीवर पाखरासारखी आपटत होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, मला छातीशी धरलं आणि दिवाणात शिरली. शिरताना पाय काठीला लागला. फळी धाडकन खाली आली.

काळोख. डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास. गोधड्या नाकातोंडाशी. आणि त्या भोकातून आलेला उजेडाचा एवढासा ठिपका.

"चिमे! कसला आवाज झाला गं? चिमे?"

किल्ल्या जवळ आल्या, लांब गेल्या. स्वयंपाकघरात वाजल्या, जिन्यात वाजल्या. खाली शिंपीकाकांच्या दुकानाशी तिचा आवाज ऐकू आला, "काका, चिमी आली का हो तुमच्याकडे?" मग काकांची धावपळ रस्त्याच्या टोकापर्यंत गेली.

आत हवा गरम झाली होती. चिमीने दोन्ही हातांनी फळी ढकलून पाहिली. ती तसूभरही हलली नाही. हाक मारावी तर किल्लीवाली येणार, न मारावी तर श्वास कोंडणार. लेकराने ओठ गच्च मिटून घेतले. मी नुसता तिच्या मुठीत होतो. देवा, मला एकदाच आवाज दे, असं मी विनवत होतो.

एवढ्यात किल्ल्या परत आल्या. भोकासमोर नव्या आईचे पाय येऊन थांबले. चिमीने मला भोकाला लावलं आणि लाल बटण दाबलं.

काहीच नाही. सेल!

तिने अंधारात झाकण काढलं. एक सेल निसटून गोधडीत गेला. चाचपत चाचपत तो सापडला. तिने दोन्ही सेल अंगठ्याने फिरवले, मला तळहातावर आपटलं, पुन्हा भोकाला लावलं आणि पुन्हा दाबलं. माझ्यात उरलेला होता नव्हता तो सगळा जीव मी डोळ्यात आणला.

तेवढ्यात नवी आई जराशी बाजूला सरकली होती. तिच्या मागे टीव्ही खणखणत सुरू झाला. दुपारी कालचाच भाग पुन्हा लागायचा. रिकाम्या घरात किल्लीवालीच्या किल्ल्या वाजल्या!

नवी आई किंचाळली. भिंतीला पाठ लावून उभी राहिली. टीव्ही आपोआप कसा लागेल? पण काळजीपुढे भुताचं काय चालतं? तिने टीव्ही हाताने बंद केला आणि स्वतःशीच पुटपुटली, "रिमोट... रिमोट तिच्याजवळ असतो. म्हणजे ती टीव्हीच्या समोरच आहे."

ती वळली. टीव्हीकडे पाठ करून, मी जिथून पाहत असेन तिथे पाहू लागली. आणि तिला भोक दिसलं. ती धावत येऊन गुडघ्यावर बसली. कमरेच्या किल्ल्या फळीवर आपटल्या, तशी चिमी आतल्या कोपऱ्यात आक्रसली.

"चिमे, मी आहे गं! फळी उचलते, थांब!"

"नको!" इतक्या वेळाने आवाज फुटला, तोही एवढाच. "किल्लीवाली... नको!"

मग खुळ्ळ असा आवाज भोकाशी आला. नव्या आईने किल्ल्यांची दोरी भोकातून आत सोडायला सुरुवात केली होती. एक किल्ली आत पडली. दुसरी. अडकलेली तिसरी तिने बोटाने ढकलली. शेवटी सगळ्या चिमीच्या मांडीवर पडल्या.

"ह्या घे. घरातल्या सगळ्या किल्ल्या तुझ्याकडे. आता मी कुणाला कोंडेन तरी कशी, सांग बरं?" ती बोलत होती आणि हुंदके देत होती. "पण ही फळी मला एकटीला उचलत नाही गं. तू आतून पाय लाव. लावशील?"

चिमीने एका हातात किल्ल्या धरल्या, एका हातात मला. पाठ टेकवली आणि दोन्ही पाय वर लावले. बाहेरून खळीचे हात, आतून इवलेसे पाय. फळी करकरली, उचलली गेली, आणि उजेड आत आला.

नव्या आईने तिला ओढून बाहेर काढलं आणि तिथेच फरशीवर बसकण मारली. फळीने तिची नखं रक्ताळली होती. "किती घाबरले मी," ती म्हणाली.

"तू पण घाबरतेस?"

"रोज. तू हा माझ्यावर रोखतेस ना, तेव्हा तर फारच."

चिमीने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "दाबल्यावर दुखतं का गं तुला?"

"थोडंसं."

चिमीने मला तिच्या मांडीवर ठेवलं. लाल बटण खाली करून.

शिंपीकाका धापा टाकत दारात आले, दोघींना पाहिलं आणि चौकटीला टेकून डोळे पुसू लागले. त्या दिवशी त्यांनी दोऱ्याचं नाव काढलं नाही.

भीती एका दिवसात जात नसते, मित्रांनो. कितीतरी संध्याकाळी चिमी मालिका लागली की किल्ल्या मांडीवर घेऊन बसायची. पण बसायची ती नव्या आईला चिकटून. आत्या परत आली, सगळं ऐकलं आणि नव्या आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. पुढे किल्लीवालीने काही दुष्टावा केला की ती उसळायचीच, "सा..." पर्यंत यायची, मग जीभ चावायची आणि म्हणायची, "बाई वाईट आहे. बाकी काही नाही!" आणि बाबा? त्यांनी त्याच संध्याकाळी नवे सेल आणले.

आता मी खणात असतो. नवा टीव्ही माझं ऐकत नाही. परवा चिमीने खण उघडला. आता ती मोठी झाली आहे. तिने मला ओळखलं, बटणाच्या खळग्यावर अंगठा ठेवला आणि आत हाक मारली, "आई, हा बघ गं कोण सापडला!" मग झाकण उघडून आतले जुने सेल काढून टाकले. ते गळायला लागले होते.

तेवढंच तुम्हीही करा, मित्रांनो. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला खणात टाकताना त्याचे सेल काढून ठेवा. आत विसरलेले सेल गुपचूप गळतात आणि सगळं कुरतडतात. लेकराच्या मनातल्या भीतीचंही तसंच आहे. पडद्यावरच्या माणसासाठी रडा, त्याच्यावर खुशाल चिडा, पण शिव्या घालण्याआधी एकदा खोलीत नजर फिरवा. तुमच्या कोपराखाली कुणीतरी बसलेलं असेल. आणि त्याचा हात गार लागला, तर मला खाली ठेवा आणि तो हात हातात घ्या.