विमानातलं गाऱ्हाणं

विमानात कसं वागायचं हे मला कोणी शिकवायला नको. शाळेच्या स्टाफबरोबर मी एकदा जयपूरला विमानाने जाऊन आलेय, त्यामुळे आमच्या घरात या विषयातली तज्ज्ञ मीच. सासऱ्यांना घेऊन सिंधुदुर्गाला विमानाने जायचं ठरलं, तेव्हा आदल्या रविवारी मी त्यांना सोफ्यावर बसवलं आणि नियम सांगायला घेतले.

"आबा, चपला काढून सीटवर मांडी घालायची नाही. शेजारच्याला गाव कुठलं म्हणून विचारायचं नाही. डोक्यावरचं बटण उगाच दाबायचं नाही, ती पोरगी धावत येते. विमान थांबल्याबरोबर उठून उभं राहायचं नाही, आपल्याला चालत्या बसमधून उतरायचं नाहीये. आणि मोठ्याने बोलायचं नाही."

आबा प्रत्येक नियमाला मान डोलवत होते. शेवटच्याला म्हणाले, "मी खंय बोलतंय आता?"

साधंच बोलले, पण मला लागायचं तिथे लागलं. गप्प बसलेल्या माणसाला मी गप्प बसायला सांगत होते, आणि त्याला गप्प केलं होतं तेही मीच.

आबा म्हणजे आनंदा. वय एक्याऐंशी, आयुष्य गिरणीत फिटर म्हणून गेलं. लालबागच्या आमच्या चाळीत गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. मी साताऱ्याची, मला हा प्रकार लग्न होऊन आल्यावर कळला. कोकणातली माणसं काही नवं करायचं म्हटलं की आधी देवाच्या कानावर घालतात. एकाने मोठ्या आवाजात मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी दर मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कोणाचं बारसं असो, कोणाची नवी रिक्षा असो, आबांना बोलावणं यायचं. एकदा तर चाळीच्या पाण्याच्या पंपासाठी त्यांनी गाऱ्हाणं घातलं होतं. गंमत म्हणजे त्यांना आवाज मोजता यायचे. जमलेल्यांपैकी एक जण जरी गप्प राहिला तरी ते थांबायचे, त्याच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "एक आवाज कमी पडलो." तो बोलेपर्यंत देवाला पुढची मागणी नाही.

मग चाळ पडली आणि त्याच जागेवर टॉवर उभा राहिला. आम्हाला चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. पहिल्या पूजेला आबांनी खालच्या लॉबीत गाऱ्हाणं घातलं, चाळीत घालायचे तसंच, पोटातून. संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलं, "हे काय गाव आहे का?" खाली हसऱ्या इमोजींची रांग. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ग्रुपवर भांडायचं सोडून मी वर येऊन आबांवर तोंड टाकलं. "आबा, आता पुरे. ही चाळ नाही. आपल्यामुळे लोकांना त्रास नको."

ते म्हणाले, "बरां."

त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर गणपतीलाही त्यांनी गाऱ्हाणं घातलं नाही. घसा बसलाय म्हणायचे. परळच्या डॉक्टरांनी घशात टॉर्च मारून बघितलं, काही निघालं नाही. आणि आता गावच्या रवळनाथाच्या जत्रेत आमच्या घराची पाळी आली होती. घरातल्या वडील माणसाने देवळात उभं राहून अख्ख्या वाडीसाठी गाऱ्हाणं घालायचं असतं. आबांनी गावी फोन करून सांगितलं, "माझो आवाज गेलो. दुसऱ्या कोणाक तरी बघा." माझे मिस्टर दीपक म्हणाले, एवढं काय, चुलतभाऊ घालेल. पण फोन ठेवल्यावर आबा गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि तासभर आत आलेच नाहीत. मी सगळं बघत होते. सॉरी म्हणायला तोंड उघडत नव्हतं. तसं माझं तोंड बाकी सगळ्याला उघडतं.

दीपक सामान घेऊन आदल्या दिवशी गाडीने पुढे गेले. आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दहा तास गाडीत बसणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून आम्ही दोघं सकाळच्या विमानाने.

विमान छोटंसं, दोन्ही बाजूंना दोन-दोन सीटा. आबांना खिडकी दिली. पंखावरचा पंखा बघून फिटर खूश झाला. सीटबेल्ट स्वतः लावला, चपला पायात, हात मांडीवर. मी मनात म्हटलं, चला, शिकवलेलं कामी आलं.

आबांनी नियम पाळले, बाकीच्यांना ते कोणी सांगितले नव्हते. निळ्या टी-शर्टवाल्याने वरच्या कप्प्यात आपली बॅग आडवी कोंबली, आणि एका काकांची आधी ठेवलेली लाडवांची पिशवी त्याने बाहेर काढून खाली ठेवली. झालं. "माझी आधी होती", "कप्पा काय तुमच्या नावावर आहे का", असं दोघांचं जुंपलं. तिसरा एक जण फोनवर सगळ्या विमानाला ऐकू जाईल असा कोणाला तरी मासे कुठून आणायचे ते सांगत होता. तेवढ्यात आमच्या पुढच्या बाईंनी सीट मागे टाकली. ती थेट आबांच्या ऑपरेशनच्या गुडघ्यावर आली.

आबांनी ओठ आवळले. मी मात्र उठलेच.

"ओ मॅडम, मागे माणूस बसलाय."

बाई वळल्या. साठीच्या, नीट चोपूनचापून नेसलेली कॉटनची साडी, पर्सवर गिरगावातल्या कुठल्याशा शाळेच्या माजी विद्यार्थिनी संघाचा बिल्ला. "सीट मागे जाते, म्हणजे ती मागे घ्यायलाच दिली आहे ना?" अगदी शांतपणे म्हणाल्या.

"आमच्या चाळीची गॅलरीसुद्धा वापरायलाच दिली होती," मी म्हटलं, "म्हणून कोणी तिच्यात खाट आडवी टाकत नव्हतं. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी घाईघाईने सीट सरळ केली. "माफ करा आजोबा. मी मृणालिनी. मला विमानाची फार भीती वाटते हो. डोळे मिटून आडवं पडलं की जरा बरं वाटेल असं वाटलं."

आता मलाच कसंतरी झालं. आबा हळूच म्हणाले, "काय नाय गो बाय, दुखूक नाय." साफ खोटं.

दार बंद झालं आणि विमान जागचं हलेना. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मग पायलटचा आवाज आला. तो मधेमधे थांबत, हेलकावे देत बोलत होता. पलीकडे धुकं आहे, उतरायची परवानगी मिळाली की निघू. थांबला. सगळ्यांनी जागेवर बसून राहावं. थांबला. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.

आणि त्या प्रत्येक थांबण्यात माझ्या शेजारून बारीक आवाज येत होता. "व्हय म्हाराजा."

मी वळून बघितलं. आबांचं लक्ष खिडकीबाहेर पंख्याकडे होतं. आपण काही बोलतोय याचा त्यांना पत्ताच नव्हता. साठ वर्षांची सवय, कोणी त्या चालीत काही मागितलं की तोंडातून ते आपोआप जात होतं.

मला पत्ता होता, आणि मागच्या रांगेतल्या आणखी कोणाला तरी होता. पायलटच्या शेवटच्या वाक्याला मागून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!" विमानात हशा पिकला. लाडूवाले काका भांडण सोडून वळले. "कोण रे तो? कोण गाऱ्हाणा घालता? घाला, जरा मोठ्यान घाला. हय बसान तरी काय करतलव?"

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. आबांना तेव्हा कळलं. एखाद्या पोराने वर्गात शिट्टी मारली आणि बाईंनी बघितलं, तसं त्यांचं तोंड झालं. आणि त्यांनी बघितलं कुणाकडे, तर माझ्याकडे. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, ज्याच्या आवाजावर सगळी चाळ उभी राहायची, तो माझ्या भुवया बघत होता. त्या नजरेने मी मेले.

"नको," आबा लोकांना म्हणाले. "लोकांका त्रास."

माझंच वाक्य. दोन वर्षं जपून ठेवलेलं.

नियम सांगणारीनेच मग डोक्यावरचं बटण दाबलं. एअर होस्टेस धावत आली. छातीवर नाव, सुरुची. मी विचारलं, "विमान उभंच आहे तोवर आमच्या आबांनी दोन मिनिटं देवाकडे मागणं मागितलं तर चालेल का? थोडं मोठ्याने असतं. सगळ्यांना विचारून."

तिने आबांकडे बघितलं, मग मागे. "माझी आजी भोईवाड्यात, कोकणातल्याच माणसांच्या चाळीत राहते," ती हळू आवाजात म्हणाली. "मला माहितीये काय असतं ते. दोन मिनिटं, आणि बसून." मग तिनेच विमानाला विचारलं, कोणाची हरकत आहे का. कोणाची नव्हती. निळ्या टी-शर्टवाल्याने कानातले इअरफोनसुद्धा काढले.

"आबा," मी म्हटलं, "त्या दिवशी मी चुकले. लोकांचा राग मी तुमच्यावर काढला. घाला गाऱ्हाणं."

आबांचे डोळे भरले. त्यांनी तोंड उघडलं, घसा खाकरला, पुन्हा उघडलं. काही नाही. "आवाज नाय गो येवचो," ते पुटपुटले. "बघ, मी सांगलंय मा तुका."

विमान वाट बघत होतं. पुढून मृणालिनीबाई सीटांच्या फटीतून बघत होत्या. जत्रा परवावर आलेली, आणि इथे आवाज निघाला नाही तर देवळात काय निघणार? मग माझ्या डोक्यात काय आलं देव जाणे. मी हात जोडले आणि मीच सुरू केलं, साताऱ्याच्या सुरात, लाज सोडून.

"हे देवा महाराज! आज आम्ही सगळी लोकं, या विमानामध्ये, बसलेली आहोत..."

"हां... व्हय म्हाराजा," मागून एक-दोन जण बिचकत म्हणाले. कोणीतरी फिसकन हसलं.

"तर आमची अशी विनंती आहे, की हे धुकं लवकरात लवकर..."

"अगो, थांब थांब," आबा कळवळून म्हणाले. "विनंती काय करतस? अर्ज लिवतस काय देवाक? गाऱ्हाणा असा नाय घालनत. आधी तेका हाक मारूची लागता."

"मग मारा की."

आबांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि फिटर बिघडलेलं मशीन दुसऱ्याच्या हातून काढून घेतो तसं गाऱ्हाणं माझ्या तोंडातून काढून घेतलं.

"बा देवा म्हाराजा!"

पहिला शब्द चिरका आला. पण आला.

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या इमानात जी काय लेकरां बसली हत, कोण गावाक चलली, कोण कामाक चलली, तेंका सगळ्यांका सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता अर्धं विमान होतं. सुरुचीही.

"समोर जा काय धुकां इला हा, ता बाजूक सार, आणि इमान चालवणाऱ्याक नजर दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज मोकळा होत गेला. पोटातून यायला लागला, चाळीतला, पंपाच्या वेळचा. मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही मी एकाच रुमालात पुसत होते.

"बॅगांवरून जा काय भांडाण झाला, ता हयच मिटव, आणि लाडवांची पिशवी वर जागेर बसव रे म्हाराजा!"

निळ्या टी-शर्टवाल्याने "व्हय म्हाराजा" म्हणतच बॅग उभी केली आणि काकांची पिशवी शेजारी ठेवली.

"ही पुढची बाय भियाली हा, तिच्या मनातला भय काढून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात मोठा आवाज मृणालिनीबाईंचा होता.

आबा क्षणभर थांबले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांनी माझ्याकडे बघितलं. हा चेहरा मी ओळखते. दोन वर्षांत बघितला नव्हता, पण ओळखते.

"आणि ही माझी सून. मनान सोन्यासारखी, पण तोंडान तिखट जाळ. तर तिच्या त्या तोंडात जरा साखर घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं विमान म्हणालं, हसत, टाळ्या वाजवत. पायलटच्या दारापर्यंत आवाज गेला असणार.

मला वाटलं संपलं. पण आबांनी जोडलेले हात खाली घेतले नाहीत. ते विमानभर नजर फिरवत परत माझ्यापाशी आले आणि थांबले.

"एक आवाज कमी पडलो," आबा म्हणाले.

सगळं विमान माझ्याकडे बघत होतं. मी नाक पुसलं, हात जोडले आणि माझ्याच तोंडाविरुद्ध, सगळ्यांच्या वरताण आवाजात म्हटलं, "व्हय म्हाराजा."