परदेशी सुया बंद

एकोणीसशे बासष्ट साली परदेशी सुयांवर बंदी आली. शहरातल्या एकुलत्या एक सुईकारखान्याच्या मालकांनी सरकारदरबारी खेटे घालून ती आणवली होती. तीस जणांची नोकरी वाचली म्हणून कारखान्याचा फोरमन शीळ घालत घरी आला.

त्याची बायको शिवणकाम करायची. हाताखाली बाराजणी होत्या, आणि त्यांनी हाताने शिवलेले तान्ह्या बाळांचे कपडे बोटीने परदेशी जायचे. आता नवऱ्याच्या कारखान्याची सुई दुहेरी कापडात शिरली की मान टाकायची. दोन खेपा उशिरा गेल्या. तिसरी चुकली, तर बाराजणी घरी बसणार होत्या.

"तुमचे तीस वाचले, माझ्या बाराजणींचं काय?" ती जेवताना म्हणाली.

"आपल्या माणसांनी आपली सुई नको वापरायला?"

"वापरू की. शिवत असती तर."

"तुला घरचं काही पसंतच पडत नाही."

"तुम्ही पडलात ना. मी सुईचं बोलतेय."

आठवड्याभराने फोरमन भरदुपारी शिवणखोलीच्या दारात उभा.

"अगं, बाहेरची एखादी सुई उरलीय का?"

"कशाला?"

त्याने आवाज उतरवला. सुया ज्या कापडी पाकिटांतून विकायच्या, ती पाकिटं कारखान्यात हाताने शिवली जात, आणि पहिल्यापासून परदेशी सुईने. त्या परदेशी सुयांचा साठा संपला होता.

"मग तुमच्या सुया कशाला, दात कोरायला?" बाराजणींतली म्हातारी म्हणाली, आणि खोलीभर हसू फुटलं.

बायकोकडे जुन्या तीन सुया होत्या. "मालकांनाच पाठवा," ती म्हणाली.

मालक आले. तिने बंदी उठवण्याचा अर्ज पुढे सरकवला.

"मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेऊ?"

"कारखान्यात टाचण्याही होतात, त्या बाहेरच्यांपेक्षा चांगल्या आहेत, स्वस्तही. त्या विका तिकडे. पण तिकडचं काही घेणारच नसाल, तर ते तुमच्या टाचण्या कशाच्या जोरावर घेतील?"

मालकांनी फोरमनकडे पाहिलं. तो म्हणाला, "दुकानदार सुया परत पाठवताहेत, साहेब. मी सांगितलं नव्हतं." मालकांनी सही केली. सुई मात्र तिने दिली नाही, तिसरी खेप अजून शिवायची होती.

ती खेप तीन सुयांवर पाळ्या लावून वेळेत गेली. बंदी उठायला चार महिने लागले. तोवर काम आटलं आणि चौघी दुसरीकडे गेल्या. सुईखात्यातले बावीस जण टाचण्यांवर गेले, आठ जणांना दुसरं काम शोधावं लागलं. मालकांच्या टाचण्या सात देशांत पोचल्या, आणि खुला व्यापार ही आपलीच कल्पना, असं ते भाषणांतून सांगू लागले. फोरमन निवृत्तीनंतर बायकोच्या हाताखाली काजं करायला बसला. म्हातारी नव्वदीतही चष्म्यावाचून दोरा ओवायची. त्या शिवणखोलीत पुढे चाळीसजणी झाल्या. गेलेल्या चौघींतल्या दोघी परत आल्या, दोघी आल्या नाहीत.