रविवारी तब्येत विचारणारे

चंपतराव वाडीच्या एका गोदामात हमालांचा मुकादम होता. एकोणऐंशी साली सरकीच्या पोत्यांची थप्पी त्याच्या पाठीवर कोसळली आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. जीव वाचला हे नशीब समजा, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला आलेल्यांनीही तेच सांगितलं, त्याच्या बायकोच्या, सुभद्रेच्या हातचा चहा घेतला आणि आपापल्या धडधाकट पायांनी घरी गेले. महिनाभरात साऱ्यांची हळहळ आटोपली.

मग खाटेवर सोबतीला राहिला ट्रान्झिस्टर. त्यावरचा शेतीचा कार्यक्रम चंपतराव एक दिवस चुकवत नसे. त्याच्याकडे तुळशीच्या कुंडीएवढीही जमीन नव्हती, पण बोंडअळीवर फवारा कधी मारावा हे त्याला तोंडपाठ होतं. गाणं लागलं की मात्र तो डोळे मिटून घेई आणि बोटं खाटेच्या लाकडावर ठेका धरत. एकेकाळी वस्तीच्या भजन मंडळात त्याची खंजिरी गाजलेली. मंडळ आताही बसे, त्याच्या खोलीपासून पन्नास पावलांवरच्या देवळात. पण त्याला उचलून न्यायला चार माणसं लागत आणि त्या चौघांच्याही कमरा नेमक्या तेव्हाच दुखत.

पंच्याऐंशी साली सुभद्रेच्या भावानं, कळमेश्वरच्या कारखान्यातल्या केशवनं, रंगीत टीव्ही घेतला आणि जुना काळा-पांढरा बहिणीकडे आणून टाकला. टिनाच्या छपरावर अँटेना चढला मात्र, रविवारी संध्याकाळी, बरोबर सिनेमाच्या वेळेला, अख्ख्या वस्तीला चंपतरावाच्या तब्येतीची काळजी वाटू लागली.

"कसं वाटून राह्यलं गा चंपत?" मंडळाचे प्रमुख नत्थूजींनी सहा वर्षांनी विचारलं. नजर पडद्यावर.

"बरं हाये. तुमची कमर कशी हाये?"

"आता लय फरक हाये," म्हणत नत्थूजींनी पुढची जागा धरली.

खाट मागच्या भिंतीला. चंपतरावाला बसता येत नसे. उशीवरून त्याला नायकाचं कपाळ आणि नत्थूजींचा डावा कान तेवढा दिसे. घर त्याचं, टीव्ही त्याचा, सिनेमा बाकीच्यांचा. तीन रविवार असेच गेले.

चौथ्या रविवारी ऐन मारामारीत चित्र गेलं आणि पडद्यावर दिलगिरीची पाटी आली. दोघं अँटेना हलवायला छपरावर चढले. बाकीचे सुतकात बसल्यासारखे बसले.

"सुभद्रे, खंजिरी दे वं."

"आता काहून?"

"टीव्ही आजारी पडला. त्याले भेटाले एवढी माणसं आली, तर भजन म्हणून टाकू."

सहा वर्षांत तो मोठ्यानं गायला नव्हता. पहिली ओळ घशातच अडकली. दुसरी निघाली. शेजारच्या यमुताईंनी ती झेलली, मग दोघा-चौघांनी टाळ्या धरल्या. नत्थूजी खाली मान घालून गात होते. चंपतरावाच्या कपाळावर घाम आला, पण हात थांबेना.

तेवढ्यात चित्र आलं. साऱ्या माना एकदम पडद्याकडे वळल्या. कोणीतरी म्हणालं, "चंपतराव, आवाज कमी करा ना, डायलॉग आयकू नाही येत."

सुभद्रा उठली आणि तिनं टीव्हीच बंद केला.

"ज्याले भजनाची हौस असंल त्यानं बसावं. ज्याले सिनेमाची असंल त्यानं आपल्या घरी पाहावा."

आपल्या घरी टीव्ही असता तर लोक तब्येत विचारायला आलेच कशाला असते! बरेचसे फणकारत निघून गेले. सुभद्रेला गर्व झाला, असं जाता जाता ठरलंसुद्धा. भजन पुरं झालं तेव्हा सहा-सात जण उरले होते.

नत्थूजी खाटेजवळ आले. "चंपत, माही कमर कधीच दुखत नव्हती."

"मले मालूम हाये."

"तुले असं पडलेलं पाहवत नव्हतं गा."

"मलेही नाही पाहवत," चंपतराव म्हणाला. "म्हणून तं दिवसभर रेडिओ आयकतो. पण तुम्ही आले असते तं तेवढा वेळ रेडिओ बंद ठेवला असता."

नत्थूजींनी टीव्हीकडे पाठ केली आणि ते खाटेच्या कडेवर बसले.

पुढच्या गुरुवारी मंडळ चंपतरावाच्या खोलीत भरलं. गुरुवारी सिनेमा नसतो, तरी सात जण आले. रविवारी रुसलेलेही हळूहळू परतले, कारण रुसवा किती दिवस पुरणार? पण आता खाट सगळ्यांच्या पुढे असते. नायक डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, आणि चंपतरावाच्या मते तो फारच वाईट नाचतो.