गादीची साक्ष कुणी घेतली नाही

बसा. पण उजवीकडे बसा. डावीकडे बसलात तर थेट फरशीला टेकाल आणि वर मलाच नावं ठेवाल. मी उंच उडीची गादी बोलतेय. आता या वयात जरा पसरलेय, मधून बसलेय, दोन ठिकाणी स्पंज बाहेर डोकावतोय, ते चालवून घ्या. तुमचंही काही सगळं जागेवर नसेल.

मी एक असले तरी माझे तुकडे दोन. शेजारी शेजारी ठेवायचे, वरून पट्ट्यानं आवळायचे, की झाली गादी. कारखान्यातून टेम्पोत बसून आले तेव्हा निळंशार रेक्झिन होतं माझं. त्याच आठवड्यात कॉलेजात नव्या असिस्टंट कोच मॅडमही रुजू झाल्या. निळ्या ट्रॅकसूटमध्ये. अंगानं माझ्यासारख्याच भरलेल्या. स्टोअरच्या शिपाईकाकांनी आम्हा दोघींकडे बघितलं आणि बोलून गेले, "यंदा दोन गाद्या आल्या वाटतं!" मग जीभ चावली. मॅडमच आधी हसल्या. "काका, ही महाग आहे. मी कॉन्ट्रॅक्टवर आहे," म्हणाल्या.

तेव्हापासून मला त्या आवडल्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सांगताना मी त्यांची बाजू घेतेय असं तुम्हाला वाटेल. घेतेयच.

मला माणसांची तोंडं फारशी ठाऊक नाहीत. उंच उडीवाले माझ्याकडे पाठ करून येतात. धावत यायचं, वळायचं, दांडीवरून उलटं जायचं आणि पाठीवर पडायचं. आपण कशावर पडतोय ते त्यांना दिसतच नाही. त्यामुळे मी पाठी ओळखते. घाबरलेली पाठ फळीसारखी आदळते. फुशारकी मारणारी पाठ पडल्यावर लवकर उठत नाही, कुणी बघतंय का त्याची वाट बघते.

मॅडमची पाठ संध्याकाळी यायची. पोरं गेली, रेघा मारायच्या फक्कीचा डबा आत गेला, हर्डल मोजून झाले, की त्या माझ्यावर आडव्या व्हायच्या. पाचच मिनिटं. आणि वडिलांना फोन लावायच्या.

"बाबा, जेवलात?"

पलीकडून म्हातारा आवाज, इतका मोठा की मला सगळं ऐकू यायचं. "ते राहू दे. हेड झालीस का?"

"नाही हो अजून."

"का?"

"जागा रिकामी नाही."

"मग कर की रिकामी!"

हसायच्या. मग थोडा वेळ नुसत्याच पडून राहायच्या. त्या पाठीत दिवसभराचं सगळं असायचं. पाण्याचे कॅन, लेनच्या रेघा, मुरगळलेल्या घोट्यांना बांधलेल्या पट्ट्या, आणि स्पर्धेला जाताना बसच्या मागच्या सीटवर मांडीवर घेतलेलं कुणाचं तरी ओकणारं डोकं.

सोळा वर्षांत तीन हेड कोच झाले. दर वेळी नवे आले की म्हणायचे, "मॅडम, पुढच्या वेळी तुम्हीच." पहिल्यांदा त्यांनी आईच्या फोटोसमोर पेढे ठेवले होते म्हणे. तिसऱ्यांदा नुसतं "हो सर" म्हणाल्या आणि फक्की मारायला गेल्या. हे तिसरे म्हणजे मोठे सर. मैदानाच्या एका टोकाला खुर्ची टाकून बसायचे आणि तिथून ओरडायचे. आवाज मात्र चांगला होता, उगाच कशाला खोटं बोलू.

मग माझा पट्टा तुटला. बक्कलच निखळलं. मॅडमनी अर्ज केला, नवी गादी द्या, निदान पट्टा तरी द्या. मोठ्या सरांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. दुसऱ्या वर्षी दुसरा अर्ज, तोच ड्रॉवर. तोवर मॅडमनी सुती दोरी आणून मला बांधलं. पण दोरी ती दोरीच. प्रत्येक उडीला माझे दोन तुकडे वीतभर तरी लांब सरकायचे.

त्यावर त्यांनी एक युक्ती काढली. एक उडी झाली की त्या माझ्या बाजूला यायच्या, गुडघा लावून तुकडा आत ढकलायच्या, फट मिटली का ते हातानं चाचपायच्या आणि मगच पोरांकडे बघून म्हणायच्या, "ये!" त्या म्हणेपर्यंत कुणी पाऊल उचलायचं नाही. हा नियम इतका पक्का होता की एकदा मॅडमना शिंक आली, तर रांगेतली अख्खी पोरं ती शिंक संपेपर्यंत ताटकळली.

अशा पोरांत एक होती बगळी. लांबच लांब पाय, इवलंसं तोंड, म्हणून हे नाव. आई नव्हती, मावशीकडे वाढलेली. तिची पाठ माझ्यावर पडली की मला कळायचंही नाही, इतकी सैल. धाकटं पोर झोपेत कूस बदलतं ना, तशी. इतका विश्वास टाकून माझ्यावर दुसरं कुणी पडलं नाही. खरं तर तो विश्वास माझ्यावर नव्हता. माझ्यासारख्या फाटक्या गादीवर कोण टाकेल? तो त्या "ये"वर होता.

मॅडम तिला सारख्या चिडवायच्या. "बगळे, दांडीला पाय लावलास तर तुझ्या पायांचे दोन खांब करीन."

"चालेल मॅडम. नवी गादी येईल का मग?"

"आगाऊ! चल, मागे हो."

त्या वर्षी बगळीनं एक मीटर चौसष्ट पार केलं असतं तर ती विद्यापीठाच्या संघात गेली असती. मॅडमच्या हाताखालून तिथवर गेलेली पहिली मुलगी. निवड चाचणी आमच्याच मैदानावर होती. पाहुणे यायचे होते.

त्या दिवशी सकाळपासून मोठ्या सरांचा आवाज थांबत नव्हता. मॅडम, फुलं. मॅडम, माइक. मॅडम, पाणी. मॅडम धावत होत्या आणि मधे मधे येऊन मला गुडघा मारत होत्या. बगळीची दुसरी उडी दांडीला लागली. माझे तुकडे सरकले, जरा जास्तच सरकले. तिसरी उडी शेवटची. मॅडम माझ्याकडे यायला निघाल्या. चार पावलं राहिली होती.

"मॅडम! पाहुण्यांच्या खुर्च्या! अहो, उभे आहेत ते!"

मॅडम वळल्या. खुर्च्यांकडे चालू लागल्या. तिकडे बगळीनं खुणेवर उभं राहून हात वर केला, विचारायला. मॅडमच्या काखेत दोन खुर्च्या होत्या, तोंड पाहुण्यांकडे होतं. रोजच्या सवयीनं, मागे न बघता, त्या म्हणाल्या, "ये!"

मी ऐकलं. पण गादीला ओरडता येत नाही, आणि स्वतःहून एक बोटभर सरकताही येत नाही.

बगळी आली. दांडी तिनं पार केली, हेही सांगते, कारण नंतर ते कुणीच सांगितलं नाही. दांडी हललीसुद्धा नाही. आणि मग ती तिच्या त्या सैल पाठीनं माझ्या फटीत पडली. खांदा एका तुकड्यावर आणि मान खाली, जमिनीवर. आवाज फार मोठा नव्हता.

तिला नेल्यावर मोठे सर स्टोअरमध्ये आले. मलाही आत ओढून आणलं होतं. मॅडम माझ्या काठावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. हात माझ्या फटीत घालून चाचपत होत्या, बाहेर काढत होत्या, पुन्हा घालत होत्या.

सरांनी दार लोटलं. "डॉक्टरांशी बोललो. जिवाला धोका नाही. मानेचं हाड आहे. तिला आजचं काही आठवत नाहीये, सकाळचा चहासुद्धा नाही."

मॅडमनी हात पुन्हा फटीत घातला.

"चौकशी होणार. तुम्ही अर्ज केले होते हे मला माहीत आहे. तुम्ही ‘ये’ म्हणालात हे मी ऐकलंय, माइकच्या गोंगाटात दुसऱ्या कुणी नाही. म्हणजे बुडलो तर दोघं बुडू."

"मग काय लिहू?"

"तुम्ही म्हणायच्या आधीच ती धावली. एवढंच. पोरं धावतात हो, उत्साहात." त्यांनी आवाज खाली आणला. "जूनमध्ये मी मुख्य कार्यालयात चाललोय. तुमच्या नावाची शिफारस मीच करणार आहे. ती मी तशीही करणारच होतो."

मी थांबले. सोळा वर्षं मी त्यांची पाठ ओळखत होते, मला वाटलं आता त्या उठतील आणि काहीतरी सणसणीत बोलतील. तोंडात येतं त्यांच्या. पण त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवला. त्याच गुडघ्यावर. आणि लिहिलं.

मग समितीचे तिघं आले. एकानं मला पेनानं टोचून बघितलं, जणू मीच काहीतरी कबूल करणार आहे. मला विचारलं असतं तर केलंही असतं. दुसऱ्यानं मॅडमना विचारलं, "तुम्ही तिला उडीची खूण केली होती?"

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"नक्की?"

"माझा नियम आहे. फट मिटवल्याशिवाय मी ‘ये’ म्हणत नाही." आवाज अगदी सरळ होता. मैदानावर कुणालाही विचारा, सगळे हेच सांगणार. सोळा वर्षांचा चांगुलपणा त्यांनी त्या एका वाक्यात घातला, आणि ते वाक्य खोटं होतं.

अहवालात विद्यार्थिनीची चूक असं आलं. जूनमध्ये मॅडम हेड झाल्या. मला टाकून द्यायचं ठरलं आणि त्यांच्या पहिल्याच सहीनं नवी गादी आली. तिचे तुकडे म्हणे तीन पट्ट्यांनी आवळलेत. चांगलं आहे. पोरांसाठी चांगलंच आहे.

हेड झाल्या त्या संध्याकाळी मॅडम स्टोअरमध्ये आल्या. आडव्या झाल्या नाहीत. दारातच, माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि फोन लावला.

"बाबा, झाले मी हेड."

पलीकडून तो मोठा आवाज, आता जरा चिरकलेला. "झालीस म्हणजे? अगं, तू तर कधीचीच आहेस. मी सगळ्यांना सांगून बसलोय."

"हो," मॅडम म्हणाल्या. "तेच सांगायला फोन केला."

फोन ठेवून त्या खूप वेळ दाराच्या कडीशी खेळत राहिल्या. त्यानंतर इकडे फारशा येत नाहीत.

परवा मात्र आल्या. यावंच लागलं. बगळी कॉलेज सोडतेय, तिच्या फॉर्मवर क्रीडा विभागाची सही हवी होती आणि तिचे शूज इथेच कपाटात पडले होते. मावशी सोबत होती. बगळीच्या गळ्यात तो टणक पट्टा होता, मान वळवायची तर अख्खी वळत होती. उजव्या हाताची दोन बोटं आता तिचं ऐकत नाहीत म्हणाली. डाव्या हातानं लिहायला शिकतेय.

मावशी आल्या आल्या हात जोडू लागल्या. "मॅडम, आमच्या पोरीपायी तुम्हाला फार ताप झाला हो. हिची घाई लहानपणापासूनची. दूध निवायच्या आत तोंड भाजून घेणारी ही."

"नाही हो, मावशी," मॅडम म्हणाल्या. आणि फॉर्म हातात घेतला.

"तुमची नोकरी गेली असती ना माझ्यामुळे?" बगळी म्हणाली. "सॉरी, मॅडम. मला कधीचं म्हणायचं होतं."

मॅडम फॉर्म वाचत होत्या. त्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं, चार ओळींचा कागद.

"मॅडम, एक विचारू? मी का धावले असेन? तुम्ही म्हटल्याशिवाय मी एकदाही धावले नव्हते. मी खूप आठवून बघते. काहीच येत नाही." ती हसायला बघत होती. "आता तर रस्ता ओलांडायलाही भीती वाटते. गाडी नाही असं दिसतं, तरी पाय उचलत नाही. वाटतं, आपलं काही खरं नाही. आपण आधीच धावतो."

मावशी म्हणाली, "हे असं सारखं चाललंय बघा हिचं. तुम्हीच समजवा. तुमचं ऐकते."

मी मनात म्हटलं, आता. आता बोला, बाई. इथे कुणी नाही. मी आहे, आणि मी कुणाला सांगत नाही. मॅडमनी तोंड उघडलं. ओठ हलले. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "मॅडम, वॉर्म-अप घेऊ का?"

"होतं असं कधी कधी," मॅडम म्हणाल्या. सही केली. "जप हं."

बगळी निघाली. जाता जाता ती माझ्यापाशी थांबली, वाकता येत नाही म्हणून उभ्यानंच पायानं मला जरा ढोसलं आणि म्हणाली, "ही पण चालली वाटतं." मॅडम दारापर्यंत गेल्या, दोन पावलं तिच्या मागेही गेल्या, मग मैदानाकडे वळल्या. त्यांची पाठ मी आयुष्यभर वाचली. परवा मला ती वाचता आली नाही.

सोमवारी भंगारवाला येणार आहे. माझा स्पंज काढून तो कुणाच्या तरी सोफ्यात भरेल, रेक्झिन कुणाच्या तरी छपरावर पडेल. त्याचं मला काही नाही. सोळा वर्षं लोक माझ्यावर पडले, आता बसतील. बसू देत.

पण तुम्ही इतका वेळ बसलात म्हणून सांगते. तुम्ही बाहेर जाल. गळ्यात पट्टा घातलेली, लांब पायांची एक मुलगी तुम्हाला कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला दिसेल. रस्ता रिकामा असेल आणि तरी ती उभी असेल. तिला हाताला धरून पलीकडे नेऊ नका. तिला फक्त सांगा की तुझी चूक नव्हती, तू थांबली होतीस, तू हात वर करून विचारलं होतंस. कुणी सांगितलं असं तिनं विचारलं तर माझं नाव घ्या. गादीचं कोण ऐकतं म्हणा, पण ती ऐकेल.