उम्म साजितसाठी दुसरा पेला

मी एक जुनी पितळी किटली आहे, मित्रांनो. चहाची नव्हे, कहव्याची, म्हणजे आमच्या कडू कॉफीची. चोच लांब, पोट मोठं आणि कान एकच. त्या एका कानाने मी जे ऐकलं, ते दोन कानांच्या माणसांनी वेळीच ऐकलं असतं तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

सूक अश-शुयूखच्या बाजारात अनीसी नावाच्या एका साबी पंथाच्या कारागिराने मला घडवलं. तो ठोके घालताना स्वतःशीच पुटपुटायचा आणि मध्येच मला शिव्याही द्यायचा. चोच जोडून झाल्यावर त्याने माझ्या पोटात कल्हई केली, राखेने बाहेरून घासलं आणि दुकानाच्या दाराशी टांगलं. पुढे आमच्या टोळीचा प्रमुख झालेल्या शेख शलालच्या वडिलांनी मला पाहिलं आणि घासाघीस न करता उचललं. म्हणून आजही मला माझा थोडा तोरा आहे.

त्यांच्याबरोबर मी अल-गसबियाला आले. पाणथळीच्या काठावरचं म्हशी पाळणाऱ्यांचं गाव ते. गावात बोरूच्या जाड जुड्या वाकवून उभारलेलं मुदीफ होतं, म्हणजे टोळीची पाहुण्यांची बैठक. मधोमध चूल आणि चुलीवर मी. माझा कहवा ओतायचं काम जबालाकडे होतं. जबाला म्हणजे केर. आधीची लेकरं दगावली, की आमच्याकडे पुढच्याचं नाव असंच ठेवतात, नजर लागू नये म्हणून. नजर लागली नाही खरी, पण जबालाची जीभ मात्र सगळ्यांना लागायची.

आमच्याकडे एक रीत आहे. पाहुण्याने पेला घेतला आणि न पिता समोर चटईवर ठेवला, की समजायचं, याचं काही मागणं आहे. मग यजमानाने म्हणायचं, "पी, तुझं काम झालं." पाहुणा प्यायला की शब्द पक्का झाला. मागणं काय, ते त्यानंतर सांगायचं. "आधी सांग, मग बघू," असं म्हणणारा यजमान आमच्याकडे कद्रू ठरतो, आणि त्याच्या मुलींना चांगली स्थळं येत नाहीत.

या रीतीचा मला फार अभिमान होता. अशाच न प्यायलेल्या पेल्यावर लग्नं जमली, चोरलेल्या म्हशी माघारी आल्या, आणि एकदा तर दोन टोळ्यांमधलं खुनाचं वैर मिटलं. पाहुणे माझ्या कहव्याची तारीफ करत आणि जबाला म्हणे, "तारीफ किटलीची करता, हात माझे भाजतात." ते माझे सुखाचे दिवस होते.

मग लढाई आली. एक राज्य गेलं, दुसरं आलं, परदेशी सैन्य आलं. सैन्याच्या मागून आणखी काही माणसं आली. त्यांच्याकडे बंदुका होत्या, पण ती कोणत्याच सैन्यातली नव्हती. ती एका कंपनीची पगारी माणसं होती. आमच्या भागात मोठा रस्ता होणार, त्याच्या इंजिनियरांना राखायला ही माणसं, असं सांगण्यात आलं. त्यांच्या पांढऱ्या गाड्या धुरळा उडवत रोज जात. रस्ता मात्र दिसेना.

ही कंपनी आणली होती हातेमने. हातेम शेख शलालच्या बहिणीचा मुलगा, प्रांताच्या मंडळावर निवडून आलेला. निवडणुकीआधी तो पायी यायचा, नंतर तीन गाड्या घेऊन येऊ लागला. कंपनीच्या गाड्यांना डिझेल त्याच्या पंपावरून जाई आणि जेवण त्याच्या मेव्हण्याच्या खानावळीतून. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण घरचा माणूस, बोलणार कोण?

जबाला बोलायचा. "हातेमसाहेब, रस्ता कुठवर आला?"

"येतोय, येतोय."

"चालत येतोय वाटतं. गाडीने आला असता तर पोचला असता एव्हाना."

मुदीफात हशा पिकायचा. हातेमही हसायचा. मीही तेव्हा मजेने वाफ सोडत होते. त्या हसण्याची आता लाज वाटते.

गावात उम्म साजित राहायची, म्हणजे साजितची आई. नवरा कधीच गेला होता. म्हशीच्या दुधाची जाड साय ती थाळ्यांत लावायची आणि पहाटे तिचा साजित आपल्या जुनाट पिकअपमधून तिला बाजाराला न्यायचा. साजित सव्वीस वर्षांचा होता, लाजाळू होता. मुदीफात आला की दाराशीच बसायचा.

एके दिवशी त्या दोघांच्या मागून कंपनीच्या गाड्या आल्या. भोंगे वाजले. साजितने गाडी कडेला घेतली, पण चाक वाळूत रुतलं आणि पिकअप रस्त्यावरच अर्धी आडवी झाली. मागच्यांनी थांबून पाहिलंही नाही. त्यांनी गोळ्या झाडल्या आणि बाजूने निघून गेले. उम्म साजित मागे थाळ्यांमध्ये बसली होती, ती वाचली. गावकरी धावत पोचले तेव्हा तिच्या काळ्या अब्यावर, त्या पायघोळ झग्यावर, साय आणि रक्त एकत्र झालं होतं, आणि ती ओंजळीने साय पुसत होती. का पुसत होती, ते तिलाही सांगता आलं नाही.

कंपनीने सांगितलं, हल्लेखोर होता. गाडी अंगावर घालायला आला होता. संध्याकाळी टीव्हीवरही तेच सांगितलं गेलं.

साजितला नजफ या तीर्थाच्या गावी नेऊन दफन केलं. लोक सांत्वनाला आले. त्यांच्यापैकी काही जण उगाचच हळू आवाजात बोलत होते. उम्म साजितने ते ओळखलं. ती शेजारणीला म्हणाली, "मुलगा गेला, ते मी सोशीन. पण माझा साजित खुनी म्हणून गेला, हे नाही सोसणार. गाडीत काय होतं, ते मी सांगीन. मी होते तिथे."

त्याच सुमारास कायदा बदलला होता. परदेशी कंपन्यांच्या माणसांवरही आता आपल्या कोर्टात खटला चालू शकत होता. नासिरियाच्या कोर्टात तिची तक्रार दाखल झाली आणि साक्षीची तारीख जवळ आली. शेख शलाल म्हणाला, "बहिणी, अख्खी टोळी तुझ्या पाठीशी आहे." तो मनापासून बोलला होता, मित्रांनो. तो वाईट माणूस नव्हता.

तारखेच्या आदल्या दिवशी हातेम आला. सोबत कंपनीचा एक गोरा साहेब होता. तो काळा चष्मा न काढताच बसला आणि जबालाने ओतलेला कहवा पीत सुटला. आमच्याकडे पेला हलवून परत दिला की पुरे झालं असा अर्थ होतो. त्या बिचाऱ्याला ते माहीत नव्हतं, आणि जबाला सांगेना. तो ओततच राहिला. शेवटी साहेबाचे डोळे चष्म्याआड कसे झाले असतील, देव जाणे.

हातेमने मात्र आपला पेला घेतला आणि न पिता चटईवर ठेवला.

शेख शलालचा चेहरा उजळला. त्याला वाटलं, भाचा झाल्या प्रकाराची माफी मागायला आला आहे. "पी बाळा," तो म्हणाला, "तुझं काम झालं."

हातेम प्यायला. तोंड पुसून म्हणाला, "मामा, माझं मागणं एवढंच. आपल्या टोळीतलं कोणीही कंपनीविरुद्ध कोर्टात उभं राहायचं नाही."

शेख शलालच्या हातातली जपमाळ थांबली. "म्हणजे साजितची आई..."

"टोळीतलं कोणीही. मामा, कंपनी गेली तर रस्ता गेला, पोरांच्या नोकऱ्या गेल्या. मेलेला परत येतो का? मी गावाच्या भल्याचंच बोलतोय."

"गावाच्या की खानावळीच्या?" जबाला म्हणाला. पण या वेळी कोणी हसलं नाही.

शेख शलाल खाली मान घालून बसला. शब्द गेला होता. आमच्याकडे शब्द मोडलेल्या शेखाच्या चुलीवर कोणी कहवा पीत नाही, आणि त्याच्या टोळीच्या शब्दावर पुढे कोणी सलोखा करत नाही. मी ज्या रीतीचा तोरा मिरवत होते, तिचाच फास करून या पोराने म्हाताऱ्याच्या गळ्यात टाकला होता. त्या दिवशी माझ्या पोटातला कहवा मलाच नकोसा झाला.

भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्या भिंती तर बोरूच्या. बाहेर उभ्या बायकांनी सगळं ऐकलं, आणि थोड्याच वेळात उम्म साजित मुदीफाच्या दारात उभी राहिली. बायका तिथे येत नाहीत. ती आली, आणि पाहुण्यांच्या जागी बसली.

"जबाला," ती म्हणाली, "मला कहवा दे."

जबालाने शेखकडे पाहिलं. शेखने मान हलवली. जबालाने मला उचललं. त्याने पेल्यात कहवा ओतला. तिने पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला.

हातेम उसळला. "मामा, हिला आधी विचारा काय हवंय ते!"

"तुला विचारलं होतं का?" शेख म्हणाला. मग तिच्याकडे वळून तो हळूच म्हणाला, "पी बहिणी. तुझं काम झालं." त्याला वाटलं असावं, ही आता आपल्याला शब्द मोडायला लावणार. तरी तो म्हणाला.

तिने पेला उचलला आणि सगळा प्यायली.

"मला टोळीतून काढून टाक," ती म्हणाली. "इथल्या इथे, सगळ्यांच्या देखत. मग तुझा शब्द माझ्यावर राहणार नाही."

मित्रांनो, हे काय मागणं होतं ते तुम्हाला चटकन कळणार नाही. आमच्याकडे टोळी म्हणजे घर, म्हातारपण, आजारपणात उशाशी बसणारं माणूस. टोळीबाहेरच्या बाईला कोणी मारलं तर जाब विचारायलाही कोणी नसतं. उम्म साजितकडे तेवढंच उरलं होतं, आणि तेही तिने देऊन टाकलं.

शेख शलाल रडला. मी त्याला वडिलांच्या मरणातही रडताना पाहिलं नव्हतं. रडतच त्याने उभं राहून शब्द उच्चारले, "आजपासून ही बाई आमची नाही. हिचं बरंवाईट आमच्यावर नाही." हातेमने सुटकेचा श्वास सोडला. एकटी बाई नासिरियापर्यंत पोचणार नाही, हे त्याला माहीत होतं.

उम्म साजित उठू लागली, तेव्हा शेख म्हणाला, "बस. जबाला, हिला दुसरा पेला दे."

"मामा, झालं ना आता? हे काय नाटक?"

"परकी बाई माझ्या मुदीफात आली आहे," शेख म्हणाला. "पाहुणचार नको करायला?" त्याने डोळे पुसले. "ही आता माझी पाहुणी. पाहुणीला नासिरियाला जायचंय, तर तिला सुखरूप पोचवणं यजमानाचं काम. तुझा शब्द मी पाळीन हातेम. माझ्या टोळीतलं कोणी कोर्टात तोंड उघडणार नाही. पण पाहुणीच्या वाटेत कोणी आलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे, मग तो माझा भाचा का असेना."

जबालाने दुसरा पेला काठोकाठ भरला. खरं म्हणजे आमच्याकडे पेला भरून देत नाहीत. त्या दिवशी त्याला कोणी टोकलं नाही.

दुसऱ्या दिवशी अल-गसबियातल्या सगळ्या पिकअप नासिरियाला निघाल्या. जबालाने मला मांडीवर घेतलं होतं. कोर्टाच्या ओट्यावर त्याने शेगडी मांडली तसा तिथला शिपाई धावून आला. "इथे चूल पेटवायची नाही!"

"मग पाहुणीला काय तुझ्या नळाचं पाणी पाजू?" जबाला म्हणाला. शिपायालाही शेवटी एक पेला मिळाला आणि तो गप्प बसला.

मी खिडकीखाली होते. न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, तुमची टोळी कोणती?"

"नाही मला टोळी."

"मग बाहेर एवढे पुरुष उभे आहेत, ते कोण?"

"माझे यजमान," उम्म साजित म्हणाली. आणि मग तिने सांगितलं. चाक कसं रुतलं, भोंगे कुठून आले, साजितने हात कसा बाहेर काढून दाखवला, थाळ्यांत काय होतं. तिचा आवाज एकदाही चढला नाही. बाहेर आमचे पुरुष अब्यांची टोकं डोळ्यांना लावून उभे होते.

पुढे काय झालं म्हणाल, तर गोळ्या झाडणारे आधीच विमानाने आपल्या देशात गेले होते. कंपनीने नाव बदललं, गाड्यांना वेगळा रंग दिला. हातेम पुन्हा निवडून आला. रस्ता अजून येतोच आहे. पण न्यायाधीशांनी भर कोर्टात सांगितलं, साजित हल्लेखोर नव्हता, तो आईला घेऊन बाजाराला साय विकायला चालला होता. उम्म साजितला हवं होतं ते एवढंच, आणि ते तिला मिळालं.

ती परत आली नाही. ती नजफला गेली, मुलाच्या कबरीजवळ. तिथे ती यात्रेकरूंना रोट्या भाजून विकते, असं ऐकलं. शेख शलालने निरोप धाडला होता, पाहुणी म्हणून तरी ये. तिने कळवलं, "ज्या अंगणात माझ्या म्हशी बांधल्या, तिथे पाहुणी होऊन बसायला मला जमणार नाही."

शेख शलाल आता नाही. त्याच्या पुतण्याने मुदीफात मोठे थर्मास आणि प्लास्टिकचे पेले आणले आहेत. मी एका खुंटीला असते. कल्हई कधीच उडाली, माझ्यात ओतलेलं आता कळकतं, माझ्यातला कहवा कोणी पिऊ नये. म्हातारा जबाला अधूनमधून येऊन मला बाहेरून घासतो आणि म्हणतो, "तू आणि मी, दोघंही बिनकामाचे."

मित्रांनो, मला घासा, कल्हई करा, असं सांगायला मी हे बोलत नाही. दारात आलेल्याला तुम्ही काय देता तेही तुमचं तुम्ही बघा, हात आखडू नका. फक्त शब्द द्यायच्या आधी विचारा की तो कुणाच्या जिवावर दिला जातोय. मोठेपणाने दिलेला शब्द देणाऱ्याला कधीच फारसा महाग पडत नाही. आमच्या शेखने दिलेला शब्द एका आईने फेडला, आणि आम्ही तिला अगदी रीतसर, मानाने, पाहुणी म्हणून निरोप दिला. तिच्याच गावातून.